घरातला ब्रेथ अ‍ॅनालायझर: आईबाबांनी घ्यावा का, कुठला घ्यावा आणि कुणाच्या हातात द्यावा

रात्रीचे पावणेबारा. मुलगा दार उघडून आत येतो, बूट काढायच्या आधीच "जेवून आलोय" म्हणतो आणि सरळ खोलीकडे वळतो. आई अजून जागीच आहे. वास आला का, हे तिचं तिलाही ठामपणे सांगता येत नाही. वेलचीचा आला, एवढं नक्की. विचारावं तर भांडण, न विचारावं तर झोप नाही. नेमक्या या घडीसाठी ऑनलाइन दुकानांत मुठीत मावणारं एक यंत्र मिळतं, ब्रेथ अ‍ॅनालायझर. नाकाबंदीला पोलीस "फुंक मार" म्हणून पुढे करतात, त्याचंच हे घरगुती धाकटं भावंड.

इथे कुठल्या एका कंपनीचं मॉडेल तपासलेलं नाही. बाजारात मिळणारी घरगुती यंत्रं मुळात दोनच जातींची आहेत आणि जात कळली की निम्मा निर्णय झालेला असतो. उरलेला निम्मा निर्णय घरातल्या काळजीवर ठरतो. मुलानं दारू पिऊ नये असं वाटण्यामागे आपल्याकडच्या आईबाबांची एकच काळजी नसते, चार-पाच असतात. त्यातल्या एकीवर हे यंत्र फार उत्तम चालतं, आणि बाकीच्यांवर अजिबात नाही. हे माहीत नसताना घेतलेलं यंत्र महिन्याभरात कपाटात जातं, आणि घरातला अबोला मात्र मागे राहतो.

आधी यंत्राबद्दल. स्वस्तातली यंत्रं सेमीकंडक्टर सेन्सरची असतात. आत टिन ऑक्साइडचा थर असतो, तो बॅटरीवर तापवला जातो, आणि त्यावरून अल्कोहोलची वाफ गेली की त्याचा विद्युतरोध बदलतो. तो बदल मोजून आकडा दाखवला जातो. अडचण अशी की हा थर फक्त अल्कोहोल ओळखत नाही. जळू शकणारी कुठलीही वाफ त्याला थोडीफार सारखीच वाटते: हातावर चोळलेला सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं द्रावण, सिगारेटचा धूर, स्वयंपाकघरात गळलेला गॅस. मधुमेह आटोक्यात नसला किंवा उपवास फार लांबला तर श्वासात अ‍ॅसिटोन वाढतं, त्यानंही आकडा हलतो. शिवाय हा सेन्सर हवेतल्या दमटपणानं आणि वापरानं सरकत जातो. कोकण किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात तो मे महिन्यातल्यासारखा वागेलच, याची खात्री नाही.

दुसरी जात फ्युएल सेलची. प्लॅटिनमचा लेप दिलेली एक छोटी सच्छिद्र चकती, तिच्यात आम्लाचा अंश. अल्कोहोल चकतीवर आलं की त्याचं रासायनिक ज्वलन होऊन अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल तयार होतं आणि त्या क्रियेत वीज निघते. जितकं अल्कोहोल, तितकी वीज. अ‍ॅसिटोनला हा सेल जवळजवळ दाद देत नाही. पोलिसांची यंत्रं याच जातीची असतात. किंमत अर्थातच कित्येक पट. खोक्यावर किंवा माहितीत "फ्युएल सेल" हे शब्द स्पष्ट लिहिलेले नसतील, "अचूक सेन्सर" किंवा "प्रगत सेन्सर" अशी मोघम भाषा असेल, तर ते यंत्र सेमीकंडक्टरचं आहे असं समजूनच चाला.

आमचं मत सरळ आहे. या आकड्यावरून मुलाला खोटारडा ठरवायचं असेल, तर सेमीकंडक्टर यंत्र घेऊच नका. स्वतःच्या लेकरावर आरोप करायला ते पुरेसं खरं बोलत नाही.

फ्युएल सेल घेतलं तरी ते आपोआप खरं बोलतं असं नाही. चाचणी घ्यायची रीत आहे आणि बहुतेक घरांत ती चुकते. सगळ्यात मोठी चूक वेळेची. तोंडात, हिरड्यांत, जिभेवर राहिलेलं अल्कोहोल फुप्फुसातून आलेल्या अल्कोहोलपेक्षा कितीतरी तीव्र असतं आणि तेच यंत्रात जातं. शेवटचा घोट, माउथवॉश, खोकल्याचं काही औषध किंवा होमिओपॅथीचे थेंब यानंतर किमान १५ मिनिटं, शक्यतो २०, काहीही खायचं-प्यायचं नाही आणि मगच फुंकायचं. होमिओपॅथीच्या बऱ्याच औषधांचा आधारच अल्कोहोल असतो. आसव-अरिष्टंही आलीच: दशमूलारिष्ट, द्राक्षासव, अशोकारिष्ट यांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. २० मिली अरिष्टातून रक्तात जाणारं प्रमाण नगण्य असतं, पण घेतल्यावर लगेच फुंकलं तर यंत्र चांगलाच आकडा दाखवतं. आजीनं रात्रीचं अरिष्ट घेऊन गंमत म्हणून फुंकलं, तर यंत्र तिलाही गुन्हेगार ठरवेल. ढेकर किंवा उलटी झाली असेल तर १५ मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

फुंकण्याचीही पद्धत आहे. यंत्र चालू करून ते तयार व्हायची वाट पाहायची. खोलीत सॅनिटायझर, अत्तर, डिओ मारलेला नको. पंखा थेट तोंडावर नको. नवी नळी लावायची, कारण जुन्या नळीत थुंकी साचून आकडा बिघडतो. साधा श्वास घ्यायचा आणि एका दमात, एकसारख्या जोरानं चार-पाच सेकंद, यंत्रातून आवाज येईपर्यंत फुंकायचं. सुरुवातीची हवा घशातली असते, तिच्यात अल्कोहोल कमी. फुप्फुसाच्या तळाची हवा शेवटी येते. म्हणून अर्धवट फुंकणाऱ्याचा आकडा कमी येतो. आधी जोरजोरात श्वास घेतले तर आकडा उतरतो, श्वास रोखून धरला तर चढतो. सिगारेट ओढून लगेच फुंकू नये. धुरानं फ्युएल सेल खराब होतो. दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं दुसरं रीडिंग घ्यायचं. दोन्हींत टक्क्यांच्या एककात ०.०१ पेक्षा जास्त फरक आला, तर तिसरं. एका फुंकरीवर घरात निकाल लावू नये.

वेलची, बडीशेप, मसाला पान, पुदिन्याची गोळी, कच्चा कांदा यांनी वास झाकला जातो, आकडा नाही. अल्कोहोल रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतं. तोंड कितीही सुगंधी केलं तरी तो प्रवास थांबत नाही. या एका बाबतीत यंत्र आईच्या नाकाहून खात्रीचं आहे.

आता आकडा वाचणं, आणि इथे खरोखर जपायला हवं. यंत्रांत एककं बदलता येतात. काही रक्तातलं अल्कोहोल टक्क्यांत दाखवतात, काही दर हजारी, काही श्वासाच्या लिटरमागे मिलिग्रॅम. भारतातली कायद्याची मर्यादा, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. टक्क्यांत हे ०.०३ होतं, दर हजारी ०.३, आणि श्वासाच्या लिटरमागे साधारण ०.१५ मिलिग्रॅम. समजा पडद्यावर ०.१५ आलं. शेवटच्या एककात तो मुलगा मर्यादेच्या काठावर आहे. टक्क्यांत असेल, तर मर्यादेच्या पाचपट प्यालेला आहे, त्याला एकट्याला झोपू द्यायचं नाही. यंत्र हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे माहितीपुस्तिका काढून एकक टक्क्यांवर आणणं आणि पुन्हा कुणी ते बदलणार नाही हे बघणं.

कुठल्या पिण्यानं किती आकडा येतो, याचा अंदाज असला की अर्धे वाद टळतात. आपल्याकडची व्हिस्की-रम बहुधा ४२.८ टक्क्यांची असते. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. ६५ किलोच्या तरुणाचा आकडा त्यानं ०.०२ च्या थोडा वर जातो. पाच टक्क्यांच्या ३३० मिली पाइंटमध्ये १३ ग्रॅम; त्यानं तो ०.०३ ला टेकतो. म्हणजे "एकच बिअर प्यायलो" हे खरं असलं तरी गाडी चालवायला तो मोकळा नाही. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, आठ टक्क्यांची, म्हणजे ४१ ग्रॅम, चार छोट्या पेगांइतकी. मुलांना हे माहीत नसतं. बिअर म्हणजे हलकं, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो आणि बऱ्याच बाबांचाही. ५० किलोच्या मुलीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तिचा आकडा एका छोट्या पेगनंच ०.०३ च्या पुढे जातो. हे सगळे आकडे लगेच, रिकाम्या पोटी, असे धरून आहेत. जेवणानं चढ मंदावतो. प्यालेलं नाहीसं मात्र होत नाही.

उतरण्याचा वेग तासाला सुमारे ०.०१५. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्यानं अंघोळ, ताक यांतलं काहीच तो वेग वाढवत नाही. यकृत आपल्या गतीनंच काम करतं. एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, त्या ६५ किलोच्या मुलाचा आकडा ०.१३ च्या आसपास नेते. रात्री एकला संपलेली क्वार्टर सकाळी सातला बहुधा पूर्ण उतरलेली नसते. सकाळच्या क्लासला बाइक घेऊन निघालेल्या मुलाची आई म्हणते, "रात्रीचं आता कुठलं?" आणि ती चुकते.

आणखी एक सापळा आहे. शेवटच्या घोटानंतर रक्तातलं प्रमाण चढत राहतं, अर्धा तास ते दीड तास. बारच्या पार्किंगमध्ये फुंकून ०.०२ आला म्हणून निघालेला मुलगा चाळीस मिनिटांनी हायवेवर ०.०५ वर असू शकतो. यंत्रावरचा खालचा आकडा म्हणजे गाडी चालवायची परवानगी, असं मुलांच्या डोक्यात बसलं तर यंत्र नसलेलं बरं. घरगुती रीडिंगला कायद्यात काही किंमत नाही. रस्त्यावर पोलिसांनी कलम २०३ खाली घेतलेली श्वासचाचणी आणि कलम २०४ खालची प्रयोगशाळेतली तपासणी, एवढंच धरलं जातं.

ज्या काळजीवर हे यंत्र उत्तम चालतं, ती हीच, गाडीची. कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्यालेल्या चालकाच्या अपघातात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. मुलगा १८ च्या आतला असेल आणि गाडी त्याच्या हाती गेली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होतो आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, त्यानंतर महाराष्ट्रातल्या किती घरांत किल्ल्या कपाटात गेल्या असतील ते सांगायला नको. ही भीती खरी आहे, मोजता येण्यासारखी आहे, आणि तिच्यावरचा उपायही मोजता येतो. यासाठी यंत्र हवं, आणि ते मुलाच्या खिशात हवं. बारमधून निघताना रिक्षा की बाइक हे तो ठरवतो. आई पावणेबाराला दारात फुंकायला लावते तेव्हा तो निर्णय होऊन, गाडी चालवून झालेली असते.

बाकीच्या काळज्या वेगळ्या आहेत आणि त्यांना "जुन्या विचारांची माणसं" म्हणून बाजूला सारणं आम्हाला मान्य नाही. आपल्या देशात पिणाऱ्यांपेक्षा न पिणारेच फार जास्त आहेत. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पिणारे आढळले, पुरुषांत २७.३ टक्के, बायकांत १.६ टक्के. जेवताना ग्लासभर वाइन घेऊन उठणारा माणूस आपल्या बहुतेक आईबाबांनी घरात पाहिलेलाच नाही. त्यांनी पाहिलेला माणूस पगाराच्या दिवशी परमिट रूममधून रात्री उशिरा येणारा आहे. वाड्यातल्या, चाळीतल्या, गावाकडच्या एका तरी घरातले दागिने आणि भांडी कुठे गेली हे त्यांना माहीत आहे. थोडी पिणं आणि फार पिणं यांत त्यांच्या अनुभवाला मधली पायरीच नाही, म्हणून पहिला घोटच त्यांना शेवटचा वाटतो.

बायकांच्या बाबतीत तर ही आठवण मतपेटीपर्यंत गेली आहे. महाराष्ट्रात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दारूचं दुकान बंद होतं. उभी बाटली, आडवी बाटली हे चिन्ह गावोगावच्या बायांनी रांगा लावून ओळखीचं केलं. वर्ध्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं, आणि इथे यंत्राची एक मर्यादा सांगायलाच हवी: प्यालेलं चांगलं की विषारी, हे घरगुती यंत्राला कळत नाही. पिऊन झाल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागलं, पोटात दुखलं, धाप लागली, तर आकडा बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

घरात वारी असेल, गळ्यात माळ असेल, तर दारू हा आणखीच वेगळा प्रश्न आहे. माळ घातली की दारू आणि मांस सुटतं. तिथे प्रमाणाचा मुद्दाच येत नाही. अशा घरातल्या आईला ०.०१ आणि ०.१० यांत फरक वाटत नाही, आणि तिच्या बाजूनं ते बरोबरच आहे. यंत्र तिला काही नवीन सांगू शकत नाही.

मग लग्नाचा प्रश्न. स्थळं बघताना "निर्व्यसनी" हा शब्द आपल्याकडे शिक्षण आणि पगार यांच्या बरोबरीनं छापला जातो. मुलाच्या एका फोटोवरून, ओल्या पार्टीच्या एका स्टेटसवरून स्थळ परत गेल्याच्या गोष्टी प्रत्येक नात्यात असतात. मुलीच्या बाबतीत हीच गोष्ट दसपट कठोरपणे होते. मुलीच्या शरीरावर दारूचा परिणाम लवकर होतो हे खरं, आणि ते वर आकड्यांत आलंच आहे. पण भावानं प्यालेलं चालतं आणि बहिणीनं नाही, याला यकृताचं कारण नाही. ते लोकांच्या नजरेचं आहे. आईबाबांनी ही दोन कारणं एकमेकांत मिसळू नयेत, कारण मुलीला ती वेगवेगळी दिसतात आणि मिसळली की ती दोन्ही फेटाळते.

वयाचा मुद्दा मात्र आईबाबांच्या बाजूनं पक्का आहे. मेंदूचा जो भाग स्वतःला आवर घालतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. पंधराव्या वर्षाच्या आत पिणं सुरू करणाऱ्यांत पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण एकविशीनंतर सुरू करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. वडील, काका, मामा यांपैकी कुणी व्यसनी असेल तर रक्तातूनच धोका वाढलेला असतो. महाराष्ट्रात कायद्यानं बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, वर परवाना लागतो. कॉलेजातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाला "तू कायद्यानं पिऊ शकत नाहीस" हे वाक्य आईबाबा वापरत नाहीत, संस्कारांवर जातात. आमच्या मते कायद्याचं आणि घराण्यातल्या व्यसनाचं बोलणं जास्त पोचतं, कारण त्यात मुलाचा अपमान नाही.

या काळजीसाठी, म्हणजे सवय लागतेय का हे बघायला, यंत्र कामाचं नाही. ते गेल्या काही तासांचं सांगतं. शनिवारी प्यालेलं सोमवारी त्यात दिसत नाही. शिवाय गांजा, गोळ्या, गुटखा त्याला दिसतच नाहीत. त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेची "ऑडिट" नावाची दहा प्रश्नांची चाचणी चांगली आणि फुकट आहे: किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येतं का, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर लागते का. चाळीसपैकी आठ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या पट्ट्यात आहे. ती मुलानं स्वतः, एकट्यानं भरायची. आईनं शेजारी बसून भरून घेतलेल्या उत्तरांना अर्थ नाही.

आणि ज्या घरात मुलगा रोज, भरपूर पितो, तिथे या यंत्रानं खरा धोका होऊ शकतो. "आजपासून रोज रात्री शून्य दाखव" असं म्हणून त्याला घरात कोंडलं, तर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत हात कापणं, घाम, उलट्या, आणि काहींना फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम, नसलेली माणसं दिसणं, ताप असं झालं तर जीवावर बेततं. रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन उतरवायची असते. तितकंच वाईट म्हणजे "रुग्णाला न सांगता जेवणात मिसळा" म्हणून विकली जाणारी दारू सोडवायची औषधं. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर त्यानं दारू प्यायली, तर रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, हृदयावर ताण येतो. हे औषध माणसाच्या संमतीनं, तपासण्या करून द्यायचं आहे. वरणात कालवून द्यायचं नाही, कितीही माया असली तरी.

अशा वेळी यंत्राचे पैसे वाचवा आणि फोन करा. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही निःशुल्क. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभा होतात आणि घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या; आईबाबांनी मुलाची वाट न बघता आधी स्वतः अल-अनॉनला जाऊन यावं. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे.

खरेदीकडे परत येऊ. फ्युएल सेल, टक्क्यांत एकक, नळ्या स्वतंत्र मिळणाऱ्या, आणि कॅलिब्रेशन देशात करून मिळण्याची लेखी सोय, या चार गोष्टी नसतील तर घेऊ नका. शेवटची बहुतेकजण विचारतच नाहीत. फ्युएल सेलसुद्धा सहा महिने ते वर्षभरात सरकतो. ठरावीक तीव्रतेचा वायू देऊन तो पुन्हा बसवावा लागतो. ती सेवा मिळाली नाही तर महागडं यंत्र दुसऱ्या वर्षी स्वस्त यंत्राच्या पंगतीला जाऊन बसतं, आणि दाखवताना मात्र तितक्याच आत्मविश्वासानं आकडा दाखवतं. फोनला जोडणारी यंत्रं टाळा. मुलाच्या प्रत्येक फुंकरीची नोंद कुठल्यातरी अ‍ॅपमध्ये साठवण्याची गरज नाही. "वर्षभर शून्य" म्हणून बॅटरी काढून ठेवलेलं यंत्र पुन्हा काढाल तेव्हा आधी न प्यालेल्या माणसानं फुंकून शून्य येतंय हे बघा.

आकडा जास्त आला तर त्या रात्री काय करायचं, हे यंत्राबरोबर येणाऱ्या कागदावर नसतं. टक्क्यांत ०.१५ च्या पुढे असेल, किंवा आकडा काहीही असो पण हाक मारल्यावर नीट उत्तर देत नसेल, तर भाषण सकाळवर ढकला. डाव्या कुशीवर झोपवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. उलटी मुद्दाम काढायला लावू नका. झोपेची किंवा अंगदुखीची गोळी देऊ नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी हाक मारा, श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, मध्येच दहा सेकंद थांबणारा श्वास, निळसर ओठ, थंडगार कातडी, चिमटा काढूनही न उठणं, यांतलं एक जरी दिसलं तरी १०८. शेजाऱ्यांना कळेल म्हणून थांबू नका. डोकं आपटलं असेल तर आकडा कमी असला तरी दवाखान्यात न्या, कारण डोक्याचा मार आणि नशा बाहेरून सारखीच दिसते.

दोन नळ्या, जास्तीच्या बॅटऱ्या आणि यंत्र एका पिशवीत घाला आणि ती गाडीच्या किल्लीच्या खुंटीला अडकवा, बाहेर पडणाऱ्याच्या हाताशी.